कमी हातांची नौका

(भातकुली येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय फलकावर वाचून एक काकाजी मघाशी मला दारातच म्हणाले, "भातकुलीत जहाजाची गोष्ट सांगता का राजेहो? इथं तर पूर्णेलाही पाणी नसते." प्रश्न बरोबर आहे. इथून मुंबईचा समुद्र साडेसहाशे किलोमीटरच्या वर. पण मी त्यांना म्हटलं, काकाजी, खारं पाणी म्हणजे काय हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? आपण खारपाणपट्ट्यात बसलो आहोत. विहीर खणली, पाणी लागलं, आणि ते पिता येत नाही, पिकाला देता येत नाही. सभोवार पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही खलाशाची अडचण इथल्या तीन जिल्ह्यांतली गावं पिढ्यान्‌पिढ्या जगत आली आहेत. आज तुमच्या गावात जसा आरओ बसला आहे, तसंच खाऱ्याचं गोडं करणारं छोटं यंत्र या नौकांवर असतं. तेव्हा विषय फार परका नाही.

मला आज बोलायचं आहे ते मोठमोठ्या जहाजांबद्दल नाही. एक माणूस किंवा दोन माणसं जी शिडाची नौका पृथ्वीभोवती नेऊ शकतात, ती नौका कशी घडत गेली, आणि त्यात आपल्या माणसांचा हात कुठे लागला, एवढंच.

सुरुवात आपल्या कोकणातल्या शिडापासून करू. जुनी पत्तेमारी, गलबत, गुराब यांचं शीड तिकोनी असायचं आणि ते एका लांबलचक तिरप्या वाशाला बांधलेलं असायचं. हे शीड वारा धरायला फार उत्तम. अरबी समुद्रावर शेकडो वर्षं व्यापार चालला तो याच शिडावर. पण त्यात एक गोम आहे. नौकेला वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला वळवायचं म्हटलं की तो अख्खा वासा उभा करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचा. वासा कधीकधी नौकेइतका लांब. त्याला माणसं लागायची, एका सुरात दोर ओढणारी माणसं. तांडेल ओरडणार, खलाशी ओढणार. एकट्या माणसाचं ते कामच नाही. म्हणजे आपल्याकडे उत्तम नाविक होते, उत्तम सुतार होते, पण नौकेची रचनाच अशी की ती समूहाने चालवायची. मजूर स्वस्त होते, माणसं भरपूर होती, मग हात वाचवायचा विचार कोण करणार? हे मी दोष म्हणून सांगत नाही. शेतीतही आपलं असंच झालं आहे. कापूस वेचायला माणसं मिळत होती तोवर यंत्राचं नाव कुणी काढलं नाही.

आता जगात एकट्याने जायची कल्पना कुठून आली? जोशुआ स्लोकम नावाचा एक जहाजाचा कप्तान होता. वाफेची जहाजं आली आणि शिडाच्या कप्तानांना काम उरलं नाही. बेकार झालेला माणूस. त्याला एक सडलेली जुनी नौका मिळाली, 'स्प्रे' नावाची, सदतीस फुटांच्या आसपास लांबीची. त्याने ती स्वतः पुन्हा बांधली आणि २४ एप्रिल १८९५ ला बोस्टनहून निघाला. २७ जून १८९८ ला न्यूपोर्टला परत पोचला. सुमारे ४६ हजार मैल, एकटा. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस.

त्याचं गुपित काय? 'स्प्रे' रुंद होती, लांब पठाणाची होती आणि तिची शिडं अशी तोललेली की सुकाणू बांधून ठेवलं तरी ती तासन्‌तास आपली दिशा सोडत नसे. स्लोकम खाली जाऊन वाचत बसायचा. हे फार महत्त्वाचं आहे. एकट्या खलाशाला वादळाची भीती असतेच, पण त्याहून मोठी अडचण झोपेची. सुकाणू कोण धरणार? ओलिताच्या रात्रपाळीला ज्याने वीज येण्याची वाट पाहत डोळे ताणले आहेत, त्याला हे समजेल. एक रात्र निभावते. दीडशे रात्री नाही निभावत.

पुढची साठ वर्षं लोक हौशीने प्रयत्न करत राहिले, पण खरा बदल झाला तो १९६० च्या सुमारास. ब्लाँडी हॅस्लर नावाचे एक निवृत्त इंग्रज सैनिकी अधिकारी होते. त्यांच्या डोक्यात एकच किडा: खलाशाने आडोसा न सोडता नौका चालवता आली पाहिजे. त्यांची 'जेस्टर' ही पंचवीस फुटांची नौका. तिला त्यांनी चिनी पद्धतीचं शीड लावलं, बांबूच्या पडद्यासारखं घडी होणारं, आणि सगळे दोर मधल्या एका झरोक्यापाशी आणले. त्या झरोक्यात उभं राहून शीड वर, शीड खाली, सगळं व्हायचं. १९६० मध्ये अटलांटिक एकट्याने पार करायची पहिली शर्यत झाली, तिच्यामागेही हॅस्लरच. पाच जण उतरले. फ्रान्सिस चिचेस्टर चाळीस दिवसांत पहिले आले, हॅस्लर अठ्ठेचाळीस दिवसांत दुसरे.

हॅस्लर यांचं खरं देणं म्हणजे वाऱ्यावर चालणारं सुकाणू. ते कसं चालतं ते सांगतो, कारण मला ते फार आवडतं. नौकेच्या मागे एक हलकी फळी उभी असते, वाऱ्याच्या रेषेत. नौका दिशा सोडून वळली की वारा त्या फळीवर आडवा लागतो आणि फळी कलते. ती कलली की पाण्यात सोडलेलं एक पातं थोडंसं पिळलं जातं. नौका पुढे जात असल्यामुळे पाण्याचा प्रवाह त्या पिळलेल्या पात्याला जोराने बाजूला ढकलतो, लंबकासारखं. त्या पात्याला बांधलेले दोर सुकाणूचं चाक ओढतात आणि नौका परत जागेवर येते. बघा, फळीला फक्त इशारा करायचा आहे. जोर पाणी लावतं. विजेचा एक थेंब लागत नाही. आज विजेवर चालणारे ऑटोपायलट आले आहेत, तरी लांबच्या प्रवासाला निघणारा शहाणा माणूस हे पातं मागे बसवूनच निघतो. लाइन गेली तरी ते चालतं.

आता इथे मुंबई येते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे व्यापारी जहाजावरचे तरुण इंग्रज अधिकारी, मुंबईत असायचे. त्यांनी १९६४ च्या सुमारास कुलाब्यात एक नौका बांधून घेतली. बत्तीस फुटांची, सागवानाची. आपल्याकडच्या सुतारांनी तासणीने तासून, हाताने चालवायच्या दोरीच्या सामत्याने भोकं पाडून ती घडवली. नाव ठेवलं 'सुहेली', आखाताकडच्या आग्नेय वाऱ्याचं अरबी नाव. आराखडा १९२० च्या दशकातला, म्हणजे तेव्हाच जुनाट. मागवला होता दुसरा आराखडा, आला हा, आणि वेळ घालवण्यापेक्षा आहे त्यावर बांधू म्हणाले.

१४ जून १९६८ ला ते 'सुहेली' घेऊन इंग्लंडच्या फालमथहून निघाले. कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत होती. नऊ जण निघाले. परत पोचला एकच, २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी. 'सुहेली'चं आपोआप चालणारं सुकाणू ऑस्ट्रेलियाच्या आसपास मोडून गेलं होतं. उरलेली अर्धी पृथ्वी त्यांनी शिडं तोलून, स्लोकमच्या पद्धतीने काढली. जगात जी नौका पहिल्यांदा न थांबता एकट्या माणसाला घेऊन पृथ्वीला फिरून आली, ती मुंबईची होती. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे वाक्य मला कधी सापडलं नाही. त्या सुतारांची नावंही कुणी जपली नाहीत.

पण 'सुहेली' मंद होती. चालवायला सोपी, मजबूत, पण मंद. ३१२ दिवसांत सुमारे तीस हजार मैल, म्हणजे दिवसाला शंभरसुद्धा नाही. आणि इथे विषयाचा खरा पेच आहे. शिडाच्या साध्या नौकेचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर अवलंबून असतो. लांब नौका जलद जाते. मग करा ना लांब! लांब केली की शीड मोठं, डोलकाठी उंच, दोरावरचा ताण प्रचंड. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. कापसाने भरलेल्या ट्रॉलीवर ताडपत्री टाकताना वावटळ आली तर काय होतं ते तुम्ही पाहिलं आहे. तीच ताडपत्री कित्येक पट मोठी समजा, आणि ती रात्री, ओल्या हलत्या फळ्यांवर एकट्याने गुंडाळायची. म्हणून पूर्वी समजूत अशी होती की एकट्या माणसाने पस्तीस-चाळीस फुटांच्या पलीकडे जाऊ नये.

ही समजूत साधनांनी मोडली. पुढचं शीड दोर ओढला की स्वतःभोवती गुंडाळलं जातं, चटईसारखं. मोठं शीड टप्प्याटप्प्याने खाली घेऊन बांधायची सोय, आणि खाली येताना ते पाण्यात न पडता दोरांच्या झोळीत पडावं अशी रचना. दोर खेचायला दातेरी चाकांचे विंच. जॅकने जसा एक माणूस ट्रॅक्टर उचलतो, तसा विंचने एक माणूस टनाचा ताण ओढतो. सुताच्या शिडांच्या जागी कृत्रिम धाग्याची शिडं, जी भिजून जड होत नाहीत आणि कुजत नाहीत. (मध्येच एक सांगतो. अमरावतीच्या कापसाला इंग्रजांच्या बाजारात 'ऊमराज' म्हणायचे. माझा फार मोह होता म्हणायचा की त्याची शिडं झाली. पण नाही, आपला धागा आखूड. चांगल्या शिडाला लांब धागा लागतो.)

आता गोव्याला जाऊ. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी, मराठी माणूस, १९७१ च्या युद्धात 'कामोर्टा' या युद्धनौकेचे कप्तान, वीरचक्र. १९८३ ला निवृत्त झाले आणि फलटणजवळच्या विंचुर्णी गावात जाऊन राहिले. समुद्रापासून लांब, दुष्काळी भागात. तिथे बसून हा माणूस वर्षानुवर्षं एकच विचार मांडत राहिला: भारतीयाने, भारतात बांधलेल्या नौकेतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली पाहिजे. आपल्या लष्करातल्या अभियंत्यांची 'तृष्णा' १९८५ ते ८७ मध्ये पृथ्वी फिरून आली होती. तो मोठाच पराक्रम. पण तो चमूचा होता आणि नौका परदेशी बांधणीची होती. आवटींना दोन्ही गोष्टी हव्या होत्या.

२००६ मध्ये नौदलातले पाणबुडे अधिकारी दिलीप दोंदे यांनी हे काम अंगावर घेतलं. त्यांना तोपर्यंत महासागरात एकट्याने जायचा अनुभव नव्हता. ते इंग्लंडला जाऊन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली काही काळ राहून आले. तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा एकट्याच्या शर्यतीला निघाले होते. मुंबईच्या नौकेतून जग फिरलेला माणूस, मुंबईहून निघणार असलेल्या माणसाला शिकवतो आहे. मला इतिहासातली ही गाठ फार सुंदर वाटते.

नौका बांधायची जबाबदारी घेतली रत्नाकर दांडेकर यांनी. मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर त्यांचा कारखाना. फायबरच्या बोटी ते बांधत, पण महासागरात जाणारी शिडाची नौका त्यांनी आधी बांधलेली नव्हती. आराखडा डच, व्हॅन द स्टाट या कार्यालयाचा, 'टोंगा ५६'. छप्पन्न फूट! 'सुहेली'च्या पावणेदोन पट लांब. वजन सुमारे तेवीस टन. लाकडाच्या पट्ट्यांचा गाभा, त्याच्या आतून बाहेरून काचतंतूचा थर, आणि पंचवीस मीटर उंचीची डोलकाठी, म्हणजे आठ मजली इमारत. दोंदे दिवाडीत या बांधकामावर राहिले. माझ्या मते या मोहिमेतलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच. पुढे समुद्रात काही मोडलं तर कुठला दोर कुठून जातो, कुठल्या फळीमागे कुठली नळी आहे, हे त्यांना हातांनी माहीत होतं. घर बांधताना मालक रोज उभा राहिला की पुढे गळती शोधावी लागत नाही.

१२ फेब्रुवारी २००९ ला नौका नौदलात आली. नाव 'म्हादेई'. मांडवी नदीचंच वरच्या अंगाचं नाव. दोंदे तिला मॉरिशसला सोबत्यांबरोबर घेऊन गेले आणि येताना एकटे आले, ती तालीम. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले, ऐन पावसाळ्यात. फ्रीमँटल, लिटलटन, केप हॉर्नला वळसा, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन. १९ मे २०१० ला मुंबई. बरोबर नऊ महिने. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय.

किनाऱ्यावरून त्यांना मदत करणारे अधिकारी होते अभिलाष टॉमी. तीच 'म्हादेई' घेऊन १ नोव्हेंबर २०१२ ला ते निघाले, कुठेही न थांबता, आणि ३१ मार्च २०१३ ला परतले. १५१ दिवस. सुमारे तेवीस हजार मैल म्हणजे दिवसाला दीडशेच्या वर. 'सुहेली'शी ताडून पाहा. मार्ग वेगळे, साधनं वेगळी, तेव्हा तुलना काटेकोर नाही. पण लांब नौका एका माणसाच्या हातात दिली तर किती फरक पडतो ते दिसतं.

इथे कुणी विचारेल, मग साधनांनीच सगळं केलं, माणसाचं काय? त्याचं उत्तर २०१८ मध्ये मिळालं. नॉक्स-जॉन्स्टन यांच्या शर्यतीला पन्नास वर्षं झाली म्हणून तीच शर्यत पुन्हा ठेवली, अट अशी की साधनं १९६८ च्या काळातली. टॉमी 'सुहेली'च्या नमुन्यावर बांधलेली 'तुरीया' घेऊन उतरले. तीही दांडेकरांनीच बांधली. तिसऱ्या क्रमांकावर होते, आणि २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने नौका उलटली. डोलकाठ्या मोडल्या. पाठीच्या मणक्याला जबर मार. तीन दिवस आत पडून. २४ तारखेला 'ओसिरिस' या फ्रेंच बोटीने त्यांना बाहेर काढलं. छोटी, जुनी, सोपी नौका सुरक्षितच असते, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. लाटेला नौकेच्या साधेपणाशी काही देणंघेणं नसतं.

तो माणूस परत उभा राहिला. २०२२ च्या शर्यतीत पुन्हा गेला. वाटेत वाऱ्यावर चालणारं सुकाणू मोडलं, तर शौचालयाच्या दाराची फळी कापून त्याचं पातं केलं. (हशा) हसा, पण हॅस्लर यांच्या त्या यंत्राची थोरवी यातच आहे. दाराच्या फळीवर ते दुरुस्त होतं. एप्रिल २०२३ मध्ये टॉमी दुसरे आले. पहिल्या आल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर, एक बाई.

बायकांचा विषय निघाला म्हणून 'तारिणी'कडे येतो. 'म्हादेई'ची धाकटी बहीण, तोच आराखडा, दांडेकरांचाच कारखाना, फेब्रुवारी २०१७ मध्ये नौदलात आली. त्याच सप्टेंबरात वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तिच्यातून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला गोव्यात परतल्या. शेवटच्या टप्प्यात सुकाणूची यंत्रणा बिघडली म्हणून मॉरिशसला थांबावं लागलं. पुन्हा सुकाणूच! शंभर-सव्वाशे वर्षं झाली, दुखणं तेच.

आणि मग २ ऑक्टोबर २०२४. त्याच 'तारिणी'वर या वेळी दोघीच. दिल्ना के. आणि रूपा ए. शिकवायला अभिलाष टॉमी. एकटीपेक्षा दोघी असणं सोपं वाटतं, पण तसं पूर्ण खरं नाही. एक जागी तेव्हा दुसरी झोपलेली, दुसरी जागी तेव्हा पहिली. म्हणजे बहुतेक वेळ डेकवर एकटीच माणूस, आणि मोठं शीड कमी करायचं असेल तर झोपलेलीला उठवायचं की आपण निभावायचं हा निर्णय दर वेळी नव्याने. ३० जानेवारीला त्या पॉइंट नेमोजवळून गेल्या. जमिनीपासून सर्वांत दूर असलेली समुद्रातली जागा ती. तिथे असताना सर्वांत जवळची माणसं डोक्यावरून जाणाऱ्या अंतराळस्थानकातली असू शकतात. २९ मे २०२५ ला गोव्यात परत, २३९ दिवसांनी.

मघाच्या काकाजींचा एक प्रश्न अजून राहिला. ते म्हणाले, याचा उपयोग काय? सरकारचा पैसा, नौदलाची माणसं, आणि गोल फिरून जिथून निघाले तिथेच परत. मी त्याला गोलमोल उत्तर देणार नाही. युद्धाच्या दृष्टीने शिडाच्या नौकेचा थेट उपयोग नाही. पण दिवाडीत आज एक कारखाना आहे ज्याला महासागरात टिकणारी शिडाची नौका बांधता येते, आणि २००६ मध्ये तो तसा नव्हता. दोंदेंनी टॉमींना तयार केलं, टॉमींनी दिल्ना-रूपांना. कुलाब्याच्या सुतारांनी 'सुहेली' बांधली तेव्हा अशी साखळी पुढे चालली नाही. ते हुनर तिथेच थांबलं, आणि पंचेचाळीस वर्षांनी आपल्याला डच आराखडा आणून पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं.

आवटी ३ नोव्हेंबर २०१८ ला गेले. 'तारिणी' सहा जणींना घेऊन परतली तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते. दोघींची फेरी त्यांना पाहता आली नाही. विंचुर्णी इथून लांब आहे, पण जमीन साधारण अशीच, कोरडी. तिथून त्यांनी हे सगळं चालवलं.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर विचारा. चहा मागे ठेवला आहे, आणि पाणी गोडं आहे असं मला सांगितलं आहे.